हिपॅटायटिस ‘सी’चे निदान : पहिल्या अहवालावर थांबू नये, ते का?

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचे आकडे असतात. त्या आकड्यांमागे प्रयोगशाळेत रोज काय चालते, हे मात्र देणगीदारांना आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सहसा पाहायला मिळत नाही. रक्ताची एक नळी खिडकीतून आत जाते आणि काही वेळाने एक कागद बाहेर येतो, एवढाच व्यवहार बाहेरून दिसतो. या दोहोंच्या मधे जे घडते ते समजून घेतले, तर हाती आलेला कागद अधिक नीट वाचता येतो. हिपॅटायटिस ‘सी’ या यकृताच्या आजाराबाबत तर हे ज्ञान फारच आवश्यक आहे. कारण या आजाराचे निदान एका चाचणीने पूर्ण होत नाही. दोन चाचण्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि पहिल्या उत्तरावर थांबणाऱ्या रुग्णाचे मोठे नुकसान होऊ शकते.

हे नुकसान कसे होते ते पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ही कोणा एका विशिष्ट रुग्णाची हकीकत नव्हे. अनेक रुग्णालयांत घडू शकणाऱ्या गोष्टीचे हे केवळ चित्र आहे. पन्नास वर्षांचे एक गृहस्थ हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले. शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या तपासण्यांत त्यांचा हिपॅटायटिस ‘सी’चा अहवाल ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आला. योग्य ती काळजी घेऊन शस्त्रक्रिया पार पडली, टाके निघाले आणि ते घरी गेले. तो अहवाल मात्र फाइलमध्येच राहिला. काही महिन्यांनी मुलाने फाइल चाळली तेव्हा तो शब्द त्याच्या नजरेस पडला. घरात वडिलांचे ताट-वाटी वेगळे झाले, नातवंडांना त्यांच्याजवळ जाण्यास मनाई झाली. परंतु पुढची तपासणी करावी, हे कोणालाच सुचले नाही. या कुटुंबाने अनावश्यक ते सारे केले आणि आवश्यक ते एक राहून गेले. ते एक कोणते, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

डोळे पिवळे न होणारी कावीळ

आपल्याकडे कावीळ हा परिचित शब्द आहे. डोळे पिवळे होतात, लघवीला गडद रंग येतो, अन्नावरची वासना उडते. मग कोणी पथ्य सांगतो, तर कोणी गळ्यात काविळीची माळ बांधून घेण्याचा सल्ला देतो. माळ जसजशी खाली उतरते तसतशी कावीळ उतरते, अशी समजूत आहे. दूषित पाण्यातून व अन्नातून येणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतांश रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरी होत असल्याने त्याचे श्रेय माळेला मिळते.

हिपॅटायटिस ‘सी’ची गोष्ट निराळी आहे. हा विषाणू रक्तावाटे शरीरात शिरतो आणि बहुसंख्य रुग्णांत पुष्कळ वर्षे कोणतेही लक्षण दाखवीत नाही. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांचे शरीर पहिल्या सहा महिन्यांत औषधाशिवायच विषाणूचा नायनाट करते. उरलेल्या सुमारे ७० टक्के लोकांत तो यकृतात ठाण मांडतो. अशा दीर्घकालीन संसर्गात २० वर्षांच्या अवधीत १५ ते ३० टक्के रुग्णांना यकृत सिऱ्होसिस होण्याचा धोका असतो, आणि त्यांपैकी काहींना पुढे यकृताचा कर्करोग होतो. पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी होणे ही लक्षणे दिसतात तेव्हा यकृताची बरीच हानी होऊन गेलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता. त्यांपैकी सुमारे ५५ लाख भारतातील होते.

हा संसर्ग कोणाला होऊ शकतो? चाचणी सक्तीची होण्यापूर्वी ज्यांना रक्त दिले गेले ते. वारंवार रक्त घ्यावे लागणारे थॅलेसेमियाचे व हिमोफिलियाचे रुग्ण. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेले. निर्जंतुक न केलेल्या सुईने इंजेक्शन घेतलेले. सुईने अमली पदार्थ घेणारे. जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदणाऱ्याकडून गोंदवून घेतलेले. आणि बाधित मातेची मुले. सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही, असा आग्रह आजही काही ठिकाणी दिसतो. तो आग्रह आणि सुईचा पुनर्वापर एकत्र आले की संसर्गाला वाट मिळते. एकाच ताटात जेवल्याने, हात हातात घेतल्याने, मुलाला मांडीवर घेतल्याने किंवा शिंकण्या-खोकण्याने हा विषाणू पसरत नाही. घरात काळजी घ्यायची ती दाढीचे पाते, नखे कापण्याचे साधन, दात घासण्याचा ब्रश यांसारख्या, रक्त लागू शकणाऱ्या वस्तूंची.

चाचणी कशी जन्माला आली

१९७० च्या दशकात हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘बी’ यांच्या चाचण्या उपलब्ध झाल्या. तरीही रक्त दिल्यानंतर अनेक रुग्णांना यकृताचा दाह होतच होता, आणि त्यांच्या रक्तात ‘ए’ही सापडत नव्हता आणि ‘बी’ही. अमेरिकेतील संशोधक हार्वे आल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिले. नाव ठाऊक नसलेल्या त्या आजाराला ‘नॉन-ए, नॉन-बी’ असे नाव मिळाले. पुढे १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाधित चिंपांझीच्या रक्तातून विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा एक तुकडा शोधून काढला. तो ओळखण्यासाठी त्यांनी रुग्णाच्याच रक्तातील प्रतिपिंडांचा उपयोग केला. विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसण्यापूर्वी आणि प्रयोगशाळेत वाढवता येण्यापूर्वीच त्याची ओळख अशा रीतीने पटली. तीच युक्ती रक्ततपासणीसाठी वापरण्यात आली आणि १९९० च्या सुमारास पहिली चाचणी वापरात आली. चार्ल्स राइस यांनी १९९७ मध्ये हा विषाणू एकटाच हा आजार निर्माण करू शकतो, हे सिद्ध केले. आल्टर, हॉटन आणि राइस यांना २०२० सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात दान केलेल्या रक्ताची हिपॅटायटिस ‘सी’साठी तपासणी या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत बंधनकारक झाली.

पहिली चाचणी : शरीराची आठवण

शरीरात परका जंतू शिरला की त्याच्याशी लढण्यासाठी रक्तात विशिष्ट प्रथिने तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे अथवा अँटीबॉडीज म्हणतात. पहिली चाचणी या प्रतिपिंडांचा शोध घेते. अहवालावर ती ‘अँटी-एचसीव्ही’ या नावाने नोंदविलेली असते.

प्रयोगशाळेत ही चाचणी बहुधा एलायझा पद्धतीने किंवा तिच्या सुधारित, यंत्रचालित रूपाने केली जाते. एलायझाच्या प्लास्टिकच्या पट्टीत ९६ छोटी खळगी असतात. त्यांच्या तळाशी विषाणूच्या प्रथिनांचे कृत्रिमरीत्या तयार केलेले अंश चिकटवलेले असतात. रुग्णाच्या रक्तातील द्रव, म्हणजे सीरम, त्यात घालून ठराविक तापमानात काही वेळ ठेवतात. सीरममध्ये प्रतिपिंडे असतील तर ती त्या प्रथिनांना घट्ट धरून बसतात. मग खळगी धुतात. न चिकटलेले सारे वाहून जाते. त्यानंतर मानवी प्रतिपिंडांना चिकटणारे आणि विकर जोडलेले दुसरे द्रव्य घालतात, पुन्हा धुतात आणि शेवटी रंग देणारे रसायन टाकतात. प्रतिपिंडे असलेल्या खळग्यात रंग उमटतो. यंत्र त्या रंगाची तीव्रता मोजते आणि ठरवून दिलेल्या मर्यादेशी तिची तुलना करते. रंग मर्यादेच्या वर असेल तर अहवाल ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ येतो, खाली असेल तर ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’. धुण्यात झालेली हयगय किंवा तापमानातील फरक निकाल बदलू शकतो. म्हणूनच प्रत्येक वेळी रुग्णांच्या नमुन्यांबरोबर, उत्तर आधीच माहीत असलेले नमुनेही लावले जातात. त्यांचे उत्तर चुकले तर ती संपूर्ण पट्टी बाद करून काम पुन्हा करावे लागते.

शिबिरांत किंवा तातडीच्या वेळी बोटातील रक्ताच्या थेंबावर होणारी रॅपिड चाचणी वापरतात. तिच्या पट्टीवर दोन रेषा उमटू शकतात. नियंत्रण रेषा उमटलीच नाही, तर दुसरी रेषा दिसो वा न दिसो, ती चाचणी निरर्थक समजून नवीन पट्टी घ्यावी लागते.

‘रिअ‍ॅक्टिव्ह’ या शब्दाचा अर्थ

प्रतिपिंडे म्हणजे विषाणू नव्हे. ती शरीराने ठेवलेली आठवण आहे. ज्या ३० टक्के लोकांचे शरीर विषाणूला हाकलून देते, त्यांच्या रक्तातही ही आठवण बहुधा अनेक वर्षे टिकते. औषधाने पूर्ण बरे झालेल्यांच्या रक्तातही ती राहते. याखेरीज काही वेळा दुसऱ्याच कारणाने बनलेले प्रतिपिंड या चाचणीत चुकून चिकटते आणि संसर्ग कधीच झाला नसताना रंग उमटतो. म्हणून ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ या एका शब्दामागे तीन शक्यता असतात : विषाणू आज शरीरात आहे; पूर्वी होता, आता नाही; किंवा कधीच नव्हता. तिन्ही शक्यतांत कागद मात्र सारखाच दिसतो.

चुकीचा ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ किती वेळा येईल, हे केवळ चाचणीच्या दर्जावर ठरत नाही; ज्यांची तपासणी होते त्या लोकांत आजार किती आढळतो, यावरही ते ठरते. हे कळण्यासाठी सोपा हिशेब करून पाहू. यातील आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. एखादी चाचणी १०० बाधितांपैकी ९९ जणांना अचूक ओळखते आणि १,००० निरोगी लोकांपैकी केवळ ५ जणांना चुकून बाधित ठरवते, असे मानू. ज्या वस्तीत २०० जणांमागे एकाला संसर्ग आहे, तेथील १०,००० लोक तपासले, तर ५० बाधितांपैकी जवळपास सर्व सापडतील. परंतु उरलेल्या ९,९५० निरोगी लोकांपैकीही सुमारे ५० जण चुकून ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ ठरतील. म्हणजे हाती आलेल्या १०० अहवालांपैकी निम्मे चुकीचे. तीच चाचणी, जेथे १० जणांमागे एकाला संसर्ग आहे अशा गटातील १,००० लोकांवर केली, तर ९९ खरे आणि केवळ ४ ते ५ चुकीचे अहवाल येतील. चाचणी बदलली नाही, तपासलेला समूह बदलला. म्हणूनच कोणताही धोका न पत्करलेल्या माणसाचा अहवाल अचानक ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आला तर त्याने धास्तावून जाऊ नये आणि तो कागद दुर्लक्षूनही टाकू नये.

रक्तपेढीत रक्तदान करणाऱ्यांच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवावे. तेथील चाचणीचा मुख्य हेतू रक्त घेणाऱ्याची सुरक्षितता हा असतो. किंचित शंका आली तरी रक्ताची पिशवी नष्ट करणे योग्यच आहे. मात्र तेवढ्याने रक्तदात्याच्या आजाराचे निदान होत नाही. त्याला पुढील तपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवणे हे वेगळे आणि तितकेच आवश्यक काम आहे.

दुसरी चाचणी : विषाणूचा प्रत्यक्ष शोध

विषाणू आज रक्तात आहे का, या प्रश्नाचे उत्तर ‘एचसीव्ही आरएनए’ ही चाचणी देते. या विषाणूचे जनुकीय द्रव्य म्हणजे आरएनएचा एक लांब धागा असतो; त्यात सुमारे ९,६०० दुवे असतात. रक्तातील त्याचे प्रमाण इतके अल्प असू शकते की थेट मोजणे अशक्य. यासाठी प्रथम रक्तातून आरएनए वेगळा करतात, त्यावरून डीएनएची प्रत बनवतात आणि पीसीआर या तंत्राने त्या प्रतीतील ठराविक भाग दुप्पट, दुपटीचा दुप्पट असा वाढवत नेतात. अशा ३० आवर्तनांनंतर एका प्रतीच्या १०० कोटींहून अधिक प्रती होऊ शकतात. प्रती वाढत असताना निर्माण होणारा प्रकाश यंत्र टिपते आणि मूळ नमुन्यात विषाणू किती होता याचा हिशेब मांडते.

जी चाचणी एका धाग्याच्या कोट्यवधी प्रती काढते, ती चुकून उडालेल्या एका कणाच्याही कोट्यवधी प्रती काढू शकते. म्हणून नमुना तयार करण्याची जागा आणि प्रती वाढवण्याची जागा वेगवेगळ्या ठेवतात आणि काम एकाच दिशेने पुढे नेतात. दुसऱ्या बाजूला आरएनए नाजूक असतो. रक्त योग्य नळीत घेतले नाही, वेळेत रक्तपेशी वेगळ्या केल्या नाहीत किंवा नमुना थंड ठेवला नाही, तर विषाणू असूनही तो सापडणार नाही. नातेवाइकांना पुन्हा रक्त देण्यास सांगितले जाते तेव्हा त्रास होतो हे खरे. पण पुष्कळदा त्यामागे हेच कारण असते.

आरएनए सापडला नाही तर ‘नॉट डिटेक्टेड’ असा अहवाल येतो. गेल्या सहा महिन्यांत संसर्गाची शंका घेण्याजोगे काही घडले नसेल, तर अशा व्यक्तीला आज हिपॅटायटिस ‘सी’चा आजार नाही, असे डॉक्टर सांगू शकतात. आरएनए सापडला तर निदान पूर्ण होते. अहवालावर विषाणूंची संख्याही असते आणि ती कित्येकदा लाखांत असते. आकडा पाहून घाबरू नये. संख्या मोठी म्हणजे यकृताची हानी मोठी, असा अर्थ होत नाही. उपचार ‘आहे’ किंवा ‘नाही’ या उत्तरावर ठरतो.

पूर्वी ही तपासणी मोठ्या शहरातील मोजक्या प्रयोगशाळांतच होत असे. आता काडतुसावर चालणारी जीनएक्सपर्टसारखी यंत्रे आणि गोव्यातील मॉलबायो कंपनीने विकसित केलेले, बॅटरीवरही चालू शकणारे ट्रूनॅट यंत्र यांमुळे लहान रुग्णालयांतही ती शक्य झाली आहे.

‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ही जपून वाचावा

संसर्गानंतर प्रतिपिंडे तयार होण्यास साधारणतः ८ ते ११ आठवडे लागतात. विषाणूचा आरएनए मात्र एक-दोन आठवड्यांतच सापडू शकतो. त्यामुळे नुकतीच वापरलेली सुई टोचलेल्या परिचारिकेचा पहिला अहवाल ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ आला, तरी तिने निश्चिंत होऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीनंतरची तपासणी तिने अवश्य करावी. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे, त्यांचे शरीर कधी कधी पुरेशी प्रतिपिंडे तयारच करत नाही. डायलिसिसच्या रुग्णांत डायलिसिस सुरू करताना थेट आरएनए तपासणे आणि नंतर दर सहा महिन्यांनी चाचणी करणे श्रेयस्कर समजले जाते, ते यासाठीच.

बाधित मातेच्या बाळाची गोष्ट याच्या उलट आहे. आईची प्रतिपिंडे नाळेवाटे बाळात येतात आणि दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्या काळात बाळाची पहिली चाचणी ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आली, तरी ती आठवण आईची असू शकते. अशा मातांच्या १०० बाळांपैकी सुमारे ५ ते ६ बाळांनाच प्रत्यक्ष संसर्ग होतो. म्हणून प्रतिपिंडांची चाचणी १८ महिन्यांनंतर करतात. त्याआधी उत्तर हवे असेल तर दोन महिन्यांनंतर आरएनए तपासता येतो. स्तनपानाने हा विषाणू पसरत नाही. स्तनाग्रांना भेगा पडून रक्त येत असेल तेव्हा मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

यकृताची अवस्था कळण्यासाठी

निदान झाल्यावर पुढचा प्रश्न, यकृताची हानी कितपत झाली आहे, हा असतो. एसजीपीटीचा आकडा सामान्य आहे, म्हणून यकृत ठीक आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. या आजारात तो आकडा अनेकदा सामान्य मर्यादेत राहतो. पूर्वी यकृताचा तुकडा काढून तपासावा लागे. आता साध्या रक्ततपासणीतील आकड्यांवरूनही पुष्कळ अंदाज बांधता येतो. ‘फिब-४’ हा असाच एक हिशेब आहे. वयाला एसजीओटीने गुणावे आणि आलेल्या संख्येला, प्लेटलेट्सची संख्या आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागावे. आपल्या उदाहरणातील गृहस्थांचे वय ५०, एसजीओटी ८०, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट्स सव्वा लाख, म्हणजे हिशेबात १२५, असे धरले तर ४,००० भागिले १,००० बरोबर ४ असे उत्तर येते. ३.२५ पेक्षा अधिक उत्तर यकृत बरेच कडक झाल्याचे सूचक असते. अशा रुग्णाची सोनोग्राफी, शक्य असल्यास फायब्रोस्कॅन आणि सिऱ्होसिसच्या दृष्टीने तपासणी करावी लागते. चार साध्या आकड्यांचा हा हिशेब जवळजवळ विनाखर्च होतो.

औषध सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस ‘बी’ची चाचणीही केलीच पाहिजे. दोन्ही विषाणू एकाच रुग्णात असतील, तर ‘सी’ नष्ट होताना दबलेला ‘बी’ उचल खाऊ शकतो. विषाणूचा जनुकीय प्रकार ओळखण्याची चाचणी पूर्वी अनिवार्य होती, कारण इंटरफेरॉनची इंजेक्शने २४ आठवडे द्यावीत की ४८, हे त्यावर ठरत असे. भारतात प्रामुख्याने आढळणारा प्रकार ३ क्रमांकाचा आहे. सर्व प्रकारांवर लागू पडणारी औषधे आल्यामुळे आता ही खर्चिक चाचणी बहुतेक रुग्णांना करावी लागत नाही.

बरे झाल्याचा पुरावा

२०१५ पासून सोफोसबुव्हिर आणि तिच्या जोडीला घ्यायच्या गोळ्यांची जेनेरिक रूपे भारतात मिळू लागली आणि चित्र पालटले. बहुतेक रुग्णांना दररोज तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा १२ आठवड्यांचा उपचार पुरतो; सिऱ्होसिस बळावलेल्या काही रुग्णांना तो २४ आठवडे द्यावा लागतो. उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात. मात्र शेवटची गोळी घेतली म्हणजे काम संपले असे नाही. उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासावा लागतो, आणि तो सापडला नाही तरच रुग्ण बरा झाला असे म्हणता येते. त्या वेळी पहिली, प्रतिपिंडांची चाचणी पुन्हा करू नये. ती ‘रिअ‍ॅक्टिव्ह’च येणार आणि बरा झालेला रुग्ण विनाकारण खचणार. प्रतिपिंडे पुढील संसर्गापासून संरक्षण देत नाहीत आणि या आजारावर लसही नाही, म्हणून सुईबाबतची काळजी पुढेही घ्यावीच लागते. सिऱ्होसिस झालेल्यांनी बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करून घ्यावी.

दोन चाचण्यांमधील अंतर

आज या आजारात औषधाची उणीव राहिलेली नाही. उणीव आहे ती पहिल्या कागदापासून दुसऱ्या कागदापर्यंतच्या वाटेत. रुग्ण घरी जातो, गाव दूर असते, एक दिवसाची मजुरी बुडते, दुसऱ्या चाचणीचा खर्च परवडत नाही, किंवा ती करायची आहे हे कोणी समजावून सांगितलेलेच नसते.

ही वाट छोटी करता येते, हे इजिप्तने दाखवले. त्या देशात १९५० ते १९८० च्या दशकांत शिस्टोसोमियासिस या कृमिरोगावर सामूहिक इंजेक्शने दिली गेली, आणि नीट निर्जंतुक न केलेल्या सुयांमुळे हिपॅटायटिस ‘सी’चा प्रसार प्रचंड झाला. २०१८ च्या ऑक्टोबरपासून सुमारे सात महिन्यांत तेथे जवळपास ५ कोटी लोकांची रॅपिड चाचणी करण्यात आली. ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आलेल्यांसाठी आरएनए चाचणी व उपचार यांची मोफत व्यवस्था होती. भारतात पंजाब सरकारने २०१६ मध्ये जिल्हा रुग्णालयांतून मोफत उपचार सुरू केले. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. या कार्यक्रमांतर्गत निवडक शासकीय केंद्रांवर तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात.

प्रयोगशाळेकडूनही एक साधी सुधारणा होऊ शकते. पहिल्याच वेळी घेतलेल्या रक्तातील काही भाग राखून ठेवावा आणि पहिली चाचणी ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आली तर रुग्णाला परत न बोलावता त्याच नमुन्यावर आरएनए चाचणी करावी. या पद्धतीला रिफ्लेक्स चाचणी म्हणतात. यासाठी शीतपेटी, वेळेत काम करणारा तंत्रज्ञ आणि दुसऱ्या चाचणीचा खर्च उचलणारा हात, एवढ्या तीन गोष्टी लागतात. इमारतीच्या कोनशिलेवर नाव कोरता येते, तसे राखून ठेवलेल्या नळीवर कोरता येत नाही. तरीही त्या नळीसाठी दिलेली रक्कम कोणाच्या तरी आयुष्याची पुढील वीस वर्षे राखू शकते, हे आमच्या देणगीदारांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

रुग्णांनी व नातेवाइकांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. ‘अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे निदान नव्हे. ‘एचसीव्ही आरएनए’ ही दुसरी चाचणी करून घ्यावी.

२. शस्त्रक्रियेपूर्वीच्या, गरोदरपणातील किंवा रक्तदानाच्या वेळच्या तपासण्यांचे कागद घरी गेल्यावर एकदा वाचावेत. न समजलेला शब्द डॉक्टरांना विचारण्यात संकोच करू नये.

३. आरएनए सापडला तर शासकीय उपचार केंद्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. लक्षणे नाहीत म्हणून उपचार पुढे ढकलू नयेत.

४. औषधांबरोबर मद्यपान पूर्णपणे वर्ज्य करावे. इतर कोणतीही गोळी अथवा काढा डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये.

५. उपचार संपल्यावर १२ आठवड्यांची आरएनए तपासणी चुकवू नये आणि तो शेवटचा अहवाल जपून ठेवावा.

६. रुग्णाचे ताट वेगळे करू नये.

उदाहरणातील त्या गृहस्थांच्या फाइलमध्ये दुसरा कागद असता, तर दोनपैकी एक गोष्ट घडली असती. विषाणू नसता, तर नातवंडे त्याच दिवशी त्यांच्या मांडीवर परतली असती. असता, तर औषध वेळेवर सुरू झाले असते. आणि नातवंडांना तेव्हाही दूर ठेवण्याचे कारण नव्हते. एकही ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ अहवाल दुसऱ्या चाचणीशिवाय फाइलमध्ये बंद होऊ नये, यासाठी रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर आणि देणगीदार या सर्वांच्या सहकार्याची आवश्यकता आहे. ते लाभावे, ही नम्र विनंती.